आफ्रिकेतील आजार, औषधी वनस्पती आणि जीवरसायनशास्त्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी, आयुर्वेदाचे अभ्यासक आणि केवळ कुतूहलापोटी विचारणारे वाचक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. आफ्रिका हे पन्नासहून अधिक देशांचे खंड आहे. त्यामुळे ‘आफ्रिकेत असे करतात’ असे मोघम विधान टाळून शक्य तेथे देश, झाड आणि रेणू यांची नावे दिली आहेत.

या संशोधनात जीवरसायनशास्त्राचे काम नेमके कोणते?

वनस्पतिशास्त्रज्ञ झाड ओळखतो आणि गावचा वैद्य ते कशावर चालते हे सांगतो. या दोघांच्या मधला रस्ता जीवरसायनशास्त्राने शोधायचा असतो. झाडातला कोणता रेणू शरीरातल्या किंवा परजीवीतल्या कोणत्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, त्यासाठी किती मात्रा लागते आणि तेवढ्याच मात्रेत माणसाच्या निरोगी पेशींचे काय होते, या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत हातात असते ती आशा. तिला औषध म्हणता येत नाही.

लोकांकडून मिळालेली माहिती प्रयोगशाळेत कशी तपासतात?

प्रथम झाडाचा नमुना वाळवून, दाबून, क्रमांक देऊन वनस्पतिसंग्रहालयात ठेवतात. ही पायरी कंटाळवाणी वाटते. पण ती गाळली तर पुढची सगळी वर्षे वाया जातात, कारण एकाच स्थानिक नावाने तीन-तीन वेगळी झाडे ओळखली जात असतात. त्यानंतर पाने, साल किंवा मूळ कुटून वेगवेगळ्या द्रावकांत अर्क काढतात. हेक्झेनमध्ये तेलकट रेणू उतरतात, तर मिथेनॉल आणि पाण्यात शर्करायुक्त रेणू. प्रत्येक अर्काची रोगजंतूवर किंवा विकरावर (एन्झाइमवर) चाचणी घेतात, जो अर्क चालतो त्याचेच पुढे भाग पाडतात, पुन्हा चाचणी घेतात, आणि क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले रेणू एकमेकांपासून वेगळे करणाऱ्या पद्धतीच्या, स्तंभातून उतरत उतरत शेवटी एका शुद्ध रेणूपाशी पोहोचतात. एका झाडासाठी एका विद्यार्थ्याची पीएचडीची सगळी वर्षे यात सहज जातात.

वैद्याची किंवा गावकऱ्यांची कृती जशीच्या तशी नोंदवण्याचा एवढा आग्रह कशासाठी?

कारण पुष्कळदा खरे रसायन त्या कृतीतच दडलेले असते. याचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण इथिओपियातले आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो.

१९६४ साली अक्लिलू लेम्मा हे तरुण इथिओपियन शास्त्रज्ञ उत्तरेकडील अडवा या गावी ओढ्यातल्या गोगलगायी तपासत होते. बिलहार्झिया म्हणजे शिस्टोसोमा या चपट्या कृमीचा आजार. या कृमीच्या आयुष्याचा एक टप्पा गोड्या पाण्यातील गोगलगायीच्या शरीरात जातो. तिथून बाहेर पडलेल्या त्याच्या अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत शिरतात. लेम्मा यांना दिसले की बायका जिथे कपडे धुतात त्याच्या खालच्या अंगाला मेलेल्या गोगलगायी इतर जागांपेक्षा फार जास्त आहेत. त्या बायका साबणाऐवजी एन्डोड नावाच्या झुडपाची वाळलेली फळे कुटून, पाण्यात कालवून त्यांचा फेस वापरत होत्या. लेम्मा यांनी प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या जिवंत गोगलगायी एका भांड्यात घेतल्या आणि एका बाईंना त्यात थोडा फेस घालायला सांगितला. गोगलगायी आक्रसल्या, त्यांच्यातून रक्तस्राव झाला आणि त्या मेल्या. संपूर्ण शोध त्या एका भांड्यात होता.

एन्डोड म्हणजे फायटोलॅका डोडेकॅन्ड्रा. त्याच्या फळांत सॅपोनिन असतात, म्हणजे आपल्या रिठ्या-शिकेकाईत फेस आणणारे रेणू ज्या कुळातले, त्याच कुळातले. सॅपोनिनचा एक भाग पाण्याशी जुळणारा आणि दुसरा तेलाशी जुळणारा असल्यामुळे तो पेशीच्या आवरणातील कोलेस्टेरॉलला धरतो आणि आवरणाला भोके पाडतो. पुढे रसायनतज्ज्ञांनी ही फळे मिथेनॉलमध्ये काढली, तेव्हा मिळालेले सॅपोनिन गोगलगायींवर जवळजवळ निष्प्रभ ठरले. पाण्यात कुटून काढलेले मात्र प्रभावी होते. कारण असे की अखंड फळातल्या सॅपोनिनला दोन ठिकाणी शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. फळ पाण्यात कुटले की त्याच फळातला एक विकर मोकळा होऊन त्यातली एक साखळी तोडतो आणि तेव्हा कुठे रेणू मारक बनतो. मिथेनॉल त्या विकरालाच निकामी करतो. थोडक्यात, कुटून पाण्यात कालवणे ही अडवाच्या बायकांची कृती हीच त्या रसायनाची गुरुकिल्ली होती, आणि ‘फळे वापरतात’ एवढेच टिपून जो संशोधक परतला असता त्याच्या हाती काही लागले नसते.

१९६९ ते १९७४ या काळात अडवा येथे एन्डोड ओढ्यांत सोडून पाहिले, तेव्हा गावातील बिलहार्झियाचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आले. लहान मुलांत ते ५० टक्क्यांवरून ७ टक्क्यांपर्यंत उतरले. लेम्मा आणि त्यांचे सहकारी लेगेसे वोल्डे-योहानेस यांना १९८९ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. रुग्णावर उपचार म्हणून मात्र आजही प्राझिक्वांटेल हेच औषध देतात. एन्डोडचे काम पाण्यातल्या गोगलगायीपुरते आहे आणि ते पोटात घेण्याची वस्तू नाही.

बिलहार्झियाचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. १९५०च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी लघवीतून रक्त जाण्याच्या तक्रारींचा शोध घेताना शिस्टोसोमाची अंडी सापडली होती, आणि भारतात या आजाराचे केंद्र म्हणून अभ्यासपुस्तकांत याच गावाचे नाव येते.

आफ्रिकेतल्या विषारी वनस्पतींतून औषधे आली, हे खरे का?

खरे आहे, आणि जीवरसायनशास्त्राचे काही पायाभूत धडे याच विषांनी शिकवले. आजच्या आग्नेय नायजेरियातील कालाबार भागात एफिक लोक गुन्ह्याचा संशय असलेल्या माणसाला ‘एसेरे’ नावाची शेंगबी पाण्यात उगाळून पाजत. उलटी होऊन जो वाचला तो निर्दोष, मेला तो दोषी. १८५५ मध्ये एडिंबरोचे रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी ती बी स्वतः खाऊन पाहिली आणि जेमतेम जीव वाचवला. १८६४ मध्ये तिच्यातून फायसोस्टिग्मिन हे अल्कलॉइड वेगळे झाले. दोन मज्जापेशींमध्ये किंवा मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये निरोप नेणारा अ‍ॅसिटिलकोलीन हा रेणू काम झाल्यावर ज्या विकराकडून मोडला जातो, त्या विकराला हे अल्कलॉइड अडवते. निरोप पुसला जात नाही आणि ग्रंथी, स्नायू, हृदय सगळेच भरकटते. हीच क्रिया बेताच्या मात्रेत उपयोगी पडते. काचबिंदूसाठी या अल्कलॉइडचे थेंब वापरात आले, आणि १९३४ मध्ये मेरी वॉकर यांनी मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या रुग्णाला ते देऊन स्नायूंतली शक्ती परत येताना पाहिली. १९३५ मध्ये पर्सी ज्युलियन यांनी त्याचे संश्लेषण केले. आज विस्मृतीच्या आजारात दिले जाणारे रिव्हास्टिग्मिन याच घराण्यातले आहे.

विदर्भ-मराठवाड्यात फवारणी करताना शेतकऱ्याला जी ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधा होते, तीही याच विकरावरचा आघात असते, आणि रुग्णालयात अ‍ॅट्रोपिन देतात ते या न पुसलेल्या निरोपाचा परिणाम रोखण्यासाठीच.

दुसरे विष पूर्व आफ्रिकेतल्या बाणांचे. ओआबाइन हे नाव सोमाली भाषेतील बाणविषाच्या नावावरून आले आहे. पेशीतून तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत नेणाऱ्या पंपाला हा रेणू बंद पाडतो. १९५७ मध्ये येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूत जो विकर शोधला तो हाच पंप आहे, याचा कस लावताना ओआबाइन कामी आले, आणि १९९७ मध्ये स्कौ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या झाडातून हे बाणविष मिळते त्याची साल चावून पूर्व आफ्रिकेतला एक तुरेवाला उंदीर आपली विषारी लाळ अंगावरच्या केसांना फासून ठेवतो आणि त्याला तोंड लावणारा कुत्रा जीव गमावतो; निसर्गाने हे विष किती प्रकारे वापरले आहे, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते.

मलेरियावर एखादी आफ्रिकी वनस्पती माणसांवर रीतसर तपासली गेली आहे का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये मलेरियाने जगात ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यातले ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत झाले आणि तिथले सुमारे तीन चतुर्थांश बळी पाच वर्षांखालची मुले होती.

माली देशातल्या संशोधकांनी नेहमीचा क्रम उलटा केला. प्रयोगशाळेतून माणसाकडे येण्याऐवजी त्यांनी आधी खेड्यांत घरोघर विचारले की मुलाला ताप आला तेव्हा काय दिले आणि पुढे काय झाले. ज्या वनस्पतीच्या वापरानंतर मुले अधिक बरी झाल्याचे आढळले ती म्हणजे आर्जेमोन मेक्सिकाना, आपला रानोमाळ उगवणारा पिवळा धोतरा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३०१ रुग्णांपैकी काहींना त्याचा काढा आणि काहींना आर्टेसुनेट-अमोडियाक्विन या मलेरियावरच्या प्रचलित गोळ्या दिल्या. २८ दिवसांत काढा घेणाऱ्या ८९ टक्के आणि गोळ्या घेणाऱ्या ९५ टक्के रुग्णांना दुसऱ्या टप्प्याच्या औषधाची गरज पडली नाही. काढ्याने परजीवी रक्तातून पूर्ण नाहीसे होतातच असे नाही. ताप आणि गुंतागुंत मात्र आटोक्यात राहिली. बर्बेरिन, प्रोटोपिन आणि अ‍ॅलोक्रिप्टोपिन ही त्यातली अभ्यासलेली अल्कलॉइडे आहेत.

येथे मी वाचकांना हात जोडून सांगतो की हे वाचून घरी धोतऱ्याचा काढा करू नये. याच झाडाच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्यामुळे १९९८ मध्ये दिल्लीत जलशोथाची, म्हणजे अंगावर सूज येण्याच्या आजाराची, साथ येऊन माणसे मेली. बियांतले सँग्विनारिन हे त्याचे कारण. मालीतील काढा पाला घेऊन, ठरलेल्या मात्रेत आणि वैद्यकीय देखरेखीखाली दिला होता.

आर्टेमिसियाच्या पानांचा चहा घेतला तर चालेल का?

नाही. आर्टेमिसिनिन हा मलेरियावरचा रेणू आर्टेमिसिया या चीनमधल्या वनस्पतीतून थू योयो यांच्या संशोधनामुळे हाती आला आणि आज ती वनस्पती केनिया, टांझानिया, युगांडा येथेही लावली जाते. परजीवी हिमोग्लोबिन पचवतो तेव्हा मोकळे होणारे लोह या रेणूतला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तोडते आणि त्यातून निर्माण होणारे तीव्र कण परजीवीची प्रथिने जाळतात. परंतु चहात हा रेणू किती उतरेल याचा भरवसा नसतो. अपुऱ्या मात्रेने आजार उलटतो आणि प्रतिरोधी परजीवी वाढण्याचा धोका असतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना पानांच्या चहाला मान्यता देत नाही.

सिकलसेलवर आफ्रिकेत काय संशोधन झाले आहे? आपल्याकडच्या रुग्णांना त्याचा उपयोग आहे का?

नंदुरबार, गडचिरोली आणि एकूणच विदर्भातून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्याच्या घरात बहुधा एखादे मूल दुखण्याने तळमळत असते. जगात दरवर्षी तीन लाखांहून अधिक बाळे हा आजार घेऊन जन्मतात आणि त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल आले, एवढाच मूळ दोष. व्हॅलिन तेलकट स्वभावाचे असल्यामुळे ऑक्सिजन सुटल्यावर ते शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूतल्या तेलकट खोबणीत जाऊन बसते, रेणूला रेणू जोडून दोऱ्या तयार होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. मी विद्यार्थ्यांना हे काचपट्टीवर दाखवतो. रुग्णाच्या रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून ऑक्सिजन काढून घ्यायचा, वरून पातळ काच ठेवून कडा मेणाने बंद करायच्या आणि वाट पाहायची. काही वेळाने गोल पेशींच्या कडा ताणल्या जाऊ लागतात आणि टोके फुटतात. वर्गात त्या क्षणी कोणी बोलत नाही.

हीच चाचणी वनस्पतींचे अर्क तपासायला वापरतात. अर्क घातल्यावर किती पेशी वाकल्या नाहीत, हे मोजायचे. १९७१ मध्ये नायजेरियात अबायोमी सोफोवोरा आणि त्यांच्या सहकाऱ्याने फागारा या झाडाच्या मुळाचा अर्क पेशींचे वाकणे उलटवतो, असे दाखवले. हे मूळ तिथे दात घासायला काडी म्हणून चावतात. पुढे अबुजा येथील राष्ट्रीय औषधसंशोधन संस्थेने एका पारंपरिक वैद्याकडून मिळालेल्या मिश्रणावरून निप्रिसान तयार केले. त्यात मिरीच्या वंशातल्या एका आफ्रिकी वेलीच्या बिया, लवंग, बिबळ्याच्या वंशातल्या झाडाचे खोड आणि ज्वारीची पाने आहेत. छोट्या चाचण्यांत तीव्र वेदनांचे झटके कमी झाल्याचे दिसले, रक्तक्षय मात्र सुधारला नाही. २००६ मध्ये ते नायजेरियात बाजारात आले; परवाना घेतलेली अमेरिकी कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि रुग्णांचा पुरवठा थांबला. बुर्किना फासोमध्ये फागारा आणि रुईच्या वंशातले झाड यांच्या मुळांच्या सालीचे औषध आहे. रुईच्या चिकात हृदयावर आघात करणारे ग्लायकोसाइड असतात, त्यामुळे हाही घरी करण्याचा प्रयोग नाही.

आज आपल्या रुग्णांनी ज्याचा आधार घ्यावा ते औषध हायड्रॉक्सीयुरिया आहे. ते गर्भातल्या बाळाच्या रक्तात असते त्या प्रकारच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि ते हिमोग्लोबिन दोऱ्यांची साखळी मध्येच तोडते. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांतल्या मुलांवरच्या चाचणीने २०१९ मध्ये दाखवले की मलेरियाच्या प्रदेशातही हे औषध सुरक्षित आणि गुणकारी आहे. आपल्या आदिवासी भागातल्या डॉक्टरांना हा पुरावा फार मोलाचा आहे.

आपल्या परिचयाच्या कोणत्या वनस्पतींचे आफ्रिकेशी नाते आहे?

दारातली सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकातून मधुमेहासाठी म्हणून आलेली पाने कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तपासली. उंदरांची साखर उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि पुढे व्हिन्क्रिस्टिन मिळाले, जे लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही दिले जाते. सर्पगंधेची आफ्रिकी बहीण राउवोल्फिया व्होमिटोरिया. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये मुंबईतील रुग्णांवरील अनुभवातून सर्पगंधा रक्तदाबावर चालते हे जगापुढे मांडल्यानंतर रेसर्पिनची मागणी वाढली आणि ती भागवायला ही बहीण धावून आली. आपला कडुनिंब पूर्व आफ्रिकेत रुजला आहे आणि चाळीस आजार बरे करतो म्हणून स्वाहिलीत त्याला ‘मुआरोबाइनी’ म्हणतात.

‘अमुक पाल्याने कर्कपेशी मारल्या’ अशा बातम्यांवर किती विश्वास ठेवावा?

फार थोडा. बशीतल्या पेशी साबणानेही मरतात. कोणत्या मात्रेत मारल्या, निरोगी पेशी त्याच मात्रेत जगल्या का, आणि तेवढी मात्रा रक्तात पोहोचते का, हे तीन प्रश्न विचारावेत. शिवाय टॅनिन हे रेणू समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात, म्हणून टॅनिन न काढता घेतलेल्या चाचणीत जवळजवळ कोणतीही साल गुणकारी ठरते. असे शेकडो निबंध दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि त्यांतून पुढे काहीच निघत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मागणी वाढली की झाडांचे काय होते?

प्रूनस आफ्रिकाना या डोंगराळ भागातल्या झाडाची साल प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीवर युरोपात खपते. कॅमेरूनमध्ये झाडे चहूबाजूंनी सोलल्याने ती वाळून गेली आणि १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. समोरासमोरच्या दोन चतुर्थांश बाजूच सोलल्या तर झाड जगते. कालाहारीतल्या हार्पागोफायटम या वेलीचेही तसेच. बाजूचे कंद काढून मुख्य मूळ ठेवायचे आणि खड्डा बुजवायचा.

शोधाचा पैसा मूळ ज्ञान देणाऱ्यांना मिळतो का?

क्वचित, आणि तोही भांडून. दक्षिण आफ्रिकेतले सान लोक लांबच्या शिकारीत भूक मारायला हूडिया या निवडुंगासारख्या वनस्पतीचे खोड चावत. त्यावरचे पेटंट १९९०च्या दशकात सरकारी संशोधन संस्थेने घेतले, परवाने परदेशी कंपन्यांकडे गेले आणि सान लोकांना ते नंतर कळले. मार्च २००३ मध्ये लाभातल्या वाट्याचा करार झाला; पण कंपन्यांनीच पुढे उत्पादन सोडल्यामुळे हाती फार थोडे आले. पेलार्गोनियम या औषधी वनस्पतीच्या मुळांवरचे एका जर्मन कंपनीचे पेटंट मात्र दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅलिस गावच्या लोकांनी आव्हान दिल्यावर २०१० मध्ये युरोपात रद्द झाले. त्याच वर्षी स्वीकारलेला, जैविक संपत्तीच्या वापराचा लाभ वाटून घेण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय नागोया करार २०१४ पासून लागू आहे आणि आता परवानगी आधी घ्यावी लागते. माझ्या मते निबंधावर वैद्याचे नाव आणि कृतीचा उगम नोंदवणे हीही याच न्यायातली पहिली पायरी आहे.

हे संशोधन आफ्रिकेतच होते, की बाहेर?

दोन्हीकडे, पण तिथल्या संस्था जुन्या आणि समर्थ आहेत. मादागास्करची उपयोजित संशोधन संस्था अल्बेर राकोटो रात्सिमामांगा यांनी १९५७ मध्ये उभी केली. घानात मामपोंग येथे ओकू आम्पोफो यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये वनौषधी केंद्र सुरू झाले आणि तिथे आधुनिक डॉक्टर वनौषधी लिहून देतात. केपटाउन विद्यापीठात केली चिबाले यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या केंद्रातला, मलेरियाच्या परजीवीतील एका कायनेज विकराला अडवणारा रेणू मानवी चाचण्यांपर्यंत गेला. अडचण असते ती उपकरणांची आणि अखंड विजेची. रेणूची रचना वाचणारे यंत्र जवळ नसेल तर नमुना परदेशी पाठवावा लागतो, आणि नमुन्याबरोबर पुष्कळदा श्रेयही निघून जाते.

वनौषधी घेत असल्यास डॉक्टरांना सांगणे खरोखर आवश्यक आहे का?

अत्यंत आवश्यक आहे. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीच्या साथीत ‘आफ्रिकी बटाटा’ म्हणून ओळखला जाणारा हायपॉक्सिसचा कंद आणि सदरलँडिया ही झुडूपवर्गीय वनस्पती यांची सरकारी पातळीवर भलामण झाली होती. नंतर प्रयोगशाळेत दिसले की दोघांचे अर्क यकृतातल्या सीवायपी ३ए४ या विकराला अडवतात, आणि एचआयव्हीची अनेक औषधे याच विकराकडून मोडली जातात. विकर अडला तर औषध रक्तात साचून विषारी ठरू शकते. तेव्हा दवाखान्यात जाताना पाला, साल किंवा चूर्ण जे काही घरी चालू असेल, ते पुडीसकट सोबत न्यावे आणि किती दिवसांपासून, कशात मिसळून, दिवसातून किती वेळा घेतो, हे सांगावे.